पापणीचं ऑपरेशन आणि काळी वर्तुळं

‘खालच्या पापणीचं ऑपरेशन करून घे, काळी वर्तुळं जातील,’ हा सल्ला लग्नसराईत हमखास ऐकू येतो. तो बहुतेकदा चुकीचा असतो. ब्लेफरोप्लास्टीत, म्हणजे पापणीच्या या ऑपरेशनात, जादा कातडी आणि फुगलेली चरबी काढतात किंवा सरकवतात. कातडीचा रंग तसाच राहतो. आपल्याकडे काळेपणा बऱ्याचदा मेलॅनिनचा, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो, आणि तो सुरीने निघत नाही.

घरच्या घरी बघा. आरसा घेऊन खिडकीसमोर बसा, तोंडावर समोरून उजेड येऊ द्या. काळेपणा फिका पडला तर ती फुगवटीची सावली. तिथे ऑपरेशनचा उपयोग होऊ शकतो. तसाच राहिला तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. दोन्ही कारणं एकत्रही असतात, म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

आणि हो, ‘दुसऱ्या दिवशी ऑफिस’ हेही विसरा. टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी निघतात, सूज आणि निळेपणा दोनेक आठवडे रेंगाळतो. सुरुवातीला थंड शेक, झोपताना उशी उंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, परस्पर बंद करू नका. ऑपरेशननंतर अचानक तीव्र दुखलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.