एकात्मीकरण आणि समावेशन: व्यवसायोपचाराच्या वर्गातून दिसणारा फरक

अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा केंद्रीय कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा शेजारीशेजारी ठेवून शिक्षणाचे प्रकरण वाचले, तर एक शब्द बदललेला दिसतो. पहिल्या कायद्यात सर्वसाधारण शाळांमध्ये अपंग विद्यार्थ्यांचे एकात्मीकरण व्हावे यासाठी शासनाने प्रयत्न करावेत, असे म्हटले होते. दुसऱ्यात समावेशी शिक्षण हा शब्द आला आणि सोबत त्याची व्याख्याही आली: अपंगत्व असलेली व नसलेली मुले एकत्र शिकतात आणि शिकण्या-शिकवण्याची पद्धत निरनिराळ्या मुलांच्या गरजांनुसार बदललेली असते. मराठीत बोलताना मात्र आपण दोन्हींसाठी सरसकट ‘सामावून घेणे’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. भरलेल्या एसटीत आणखी एकाला सामावून घेतात तेव्हा बाकडे तेवढेच राहते. येणाऱ्याने अंग चोरून बसायचे असते. हे एकात्मीकरणाचे वर्णन झाले. समावेशनात बाकड्यालाच हात घालावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक समितीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौथ्या सर्वसाधारण टिप्पणीत हा भेद नेमका मांडला आहे. शाळेने ठरवलेल्या साच्याशी मूल जुळवून घेईल, या गृहीतावर त्याला सर्वसाधारण शाळेत बसवणे म्हणजे एकात्मीकरण. अभ्यासक्रम, पद्धती, जागा आणि दृष्टिकोन यांत बदल घडवून आणणे म्हणजे समावेशन. कायद्याच्या भाषेत हे स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करून पाहण्याचे काम ज्या थोड्या विद्याशाखांच्या वाट्याला येते, त्यांत व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच ‘ओटी’) ही एक आहे.

या नावाविषयी आधी थोडे सांगायला हवे, कारण रुग्णालयात ‘ओटी’ म्हटले की लोकांना शस्त्रक्रियागृह आठवते आणि ‘व्यवसाय’ म्हटले की दुकान किंवा नोकरी. येथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्यांनी भरतो त्या सर्व क्रिया: आंघोळ, जेवण, शाळा, शेत, खेळ, देवदर्शन, शेजारणीकडे जाऊन बसणे. भारतात या विषयाचे पहिले शिक्षणकेंद्र १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले आणि ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी होत्या. व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ १९५२ मध्ये स्थापन झाला, तेव्हाच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारत होता. म्हणजे हा विषय आपल्याकडे नवा नाही. त्याला विचारले जाणारे प्रश्न मात्र बदलत गेले आहेत.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेली सात वर्षांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल झाली आहे. तिला कण्याचा तोल सांभाळता येत नाही, म्हणून तिच्या मापाची खुर्ची बनवून घेतली: बाजूंना आधार, छातीला पट्टा, समोर ट्रे. खुर्ची उत्तम आहे. तिच्यात बसून मुलगी फळ्याकडे पाहू शकते, खडू धरू शकते. दुपारी पोषण आहाराची खिचडी येते, तेव्हा सगळी मुले व्हरांड्यात जमिनीवर पंगत धरतात आणि ही एकटी वर्गात खुर्चीवर, ट्रेवर ताट घेऊन जेवते, कारण खुर्ची उंबऱ्यावरून नेणे कठीण असते. हजेरीपटावर तिचे नाव रोज आहे, खुर्चीचे प्रयोजन सफल झाले आहे, आणि तरीही ज्या वीस मिनिटांत मुले एकमेकांची ताटे हुंगतात, चिडवतात, उद्याचा खेळ ठरवतात, त्या वेळात ती तिथे नाही. व्यवसायोपचारक हे पाहतो तेव्हा तिचा तोल सुधारण्याच्या व्यायामाबरोबरच जमिनीलगतची, तीन बाजूंनी आधार देणारी कॉर्नर सीट सुचवतो, चमच्याची मूठ जाड करतो, काठ असलेले ताट देतो, म्हणजे ती पंगतीत बसू शकेल. इथवरही काम अर्धेच झाले. वाढणाऱ्या ताईंनी तिच्यासाठी थोडे थांबायचे का, तिचे जेवण संपेपर्यंत घंटा लांबवायची का, हे प्रश्न शाळेचे आहेत, आणि त्यांची उत्तरे शाळेने दिली तरच त्याला समावेशन म्हणता येते.

शिकवताना हा फरक कुठे पडतो? क्रिया-विश्लेषण, म्हणजे एखाद्या क्रियेचे बारीक भाग पाडून पाहणे, हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनात भाकरी हा प्रसंग घ्या. विद्यार्थी लिहितो: पीठ मळताना तळहाताचा रेटा किती लागतो, मनगट किती मागे वळते, परात सरकू नये म्हणून दुसरा हात काय करतो, धग न जाणवणारा हात तव्याशी गेला तर काय होईल. मग तो उपाय शोधतो: परातीखाली ओले फडके, तवा धरायला लांब सांडशी, उभे राहवत नसेल तर बसून करता येईल असा ओटा. हे शिक्षण खरे आणि आवश्यक आहे. पण त्याच भाकरीवर दुसरा प्रश्न असा विचारता येतो की, या घरात भाकरी कोण करत असे, आणि आजारपणानंतर ते काम तिच्या हातून कोणी व का काढून घेतले? बहुतेक वेळा उत्तर प्रेमाचेच असते. ‘आई, आता तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!’ या प्रेमाने तिला स्वयंपाकघरातून उठवले, मग भाजी निवडण्यातून, मग हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून. रुग्णालयाच्या विभागातल्या सरावाच्या ओट्यावर तिने चार भाकऱ्या नीट थापल्या, ही गोष्ट त्या घरातल्या कोणाला कळलेलीही नसते. पहिला प्रश्न विद्यार्थ्याला हाताकडे पाहायला शिकवतो, दुसरा घराकडे. जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याने निदान १००० तास प्रत्यक्ष कार्यानुभव घ्यायचा असतो. ते सगळे तास रुग्णालयाच्या विभागातच गेले, तर दुसरा प्रश्न त्याला पुस्तकातूनच माहीत होणार, आणि माझ्या मते तो पुस्तकातून शिकण्यासारखा नाही.

संशोधनात ही वाट आणखी स्पष्टपणे फुटते, कारण तिथे काय मोजायचे ते आधीच ठरवावे लागते. रुग्णाला रोजची कामे कितपत जमतात हे मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ चा आहे. त्यात खाणे, आंघोळ, कपडे, शौचास जाणे, चालणे, जिना चढणे अशा दहा बाबी आहेत आणि कमाल गुण १०० आहेत. वरच्या बाईंना शंभरपैकी शंभर मिळू शकतात. त्यात भाकरीची बाब नाही, हळदीकुंकवाची तर नाहीच, आणि ती नसणे हा निर्देशांकाचा दोष नव्हे. तो स्वावलंबन मोजण्यासाठी केलेला आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्याच आकड्यावरून ‘रुग्ण समाजात परतला’ असा निष्कर्ष काढला जातो.

याच्या शेजारी ठेवण्यासारखे दुसरे साधन म्हणजे सहभाग मोजपट्टी. कुष्ठरोगाने आणि अपंगत्वाने बाजूला पडलेल्या लोकांसाठी भारत, नेपाळ आणि ब्राझील येथील कामातून ती तयार झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १८ प्रश्न आहेत आणि त्यांची ठेवण लक्षात घेण्यासारखी आहे: ‘तुम्हाला काम करता येते का’ असे न विचारता, तुमच्या बरोबरीच्या लोकांना काम मिळण्याची जेवढी संधी आहे तेवढी तुम्हाला आहे का, गावच्या सणासमारंभात तुम्ही त्यांच्याइतकेच सहभागी होता का, असे ती विचारते. तुलना निरोगी शरीराशी नसून शेजाऱ्याशी आहे. कुष्ठरोगात हे फार नेमके लागू पडते. औषधांनी रोग बरा होतो, शस्त्रक्रिया आणि स्प्लिंट (बोटांना बांधायचा आधार) यांनी आखडलेली बोटे सरळ होऊ शकतात, आणि तरीही २०१९ च्या दुरुस्तीने ती तरतूद निघेपर्यंत हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. तिथे कोणता स्प्लिंट बांधणार?

आपल्याकडे याच रोगाच्या संदर्भात तिसरी वाटही घडली. बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ते एकात्मीकरणही नव्हते आणि वरच्या अर्थाने समावेशनही नव्हते. हाताला काम आणि कामाला मान तिथे मिळाला, पण त्यासाठी गावाबाहेर दुसरे गाव वसवावे लागले. त्या काळात दुसरे काय शक्य होते, असा प्रश्न विचारणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

समावेशनाच्या अंगाने जाणारे संशोधन रुग्णालय सोडून किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. साओ पाउलो विद्यापीठ, साओ कार्लोसचे संघीय विद्यापीठ आणि कॅम्पिनासचे कॅथलिक विद्यापीठ येथील प्राध्यापकांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या मेतुइया प्रकल्पात व्यवसायोपचारक अशा तरुणांबरोबर काम करतात, ज्यांना कोणताही आजार वा अपंगत्व नाही, फक्त गरिबीमुळे ज्यांच्या वाट्याला शाळा, काम आणि शहर यांतले फारसे काही येत नाही. अध्यापन, संशोधन आणि वस्तीतले काम तिथे एकत्र चालते. आपल्याकडच्या अनेकांना हे व्यवसायोपचार वाटणारच नाही, समाजकार्य वाटेल. ती शंका रास्त आहे, पण क्रियांनी भरलेला दिवस हाच या शास्त्राचा विषय असेल, तर तो दिवस रोगाने रिकामा झाला की परिस्थितीने, एवढ्यावरून शास्त्राची हद्द ठरवणे मला पटत नाही.

यावरून एकात्मीकरण हलके आणि समावेशन श्रेष्ठ असा अर्थ काढू नये. कण्याला आधार नसलेल्या मुलीला ‘शाळेने बदलावे’ असे सांगून खुर्ची न देणे हा निव्वळ क्रूरपणा ठरेल, आणि ज्याला तोंडात घास घालता येत नाही त्याच्यासाठी बार्थेलचे पाच गुण फार मोठे असतात. आक्षेप नावाच्या अदलाबदलीला आहे. एखाद्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘समावेशन’ हा शब्द दिसला, तर सरळ निष्कर्षांच्या तक्त्यांकडे जावे आणि उपक्रमाच्या आधी आणि नंतर कोणाची नोंद घेतली आहे ते पाहावे. सगळे रकाने रुग्णाच्या हातापायांचे असतील आणि शाळेची घंटा, घरची माणसे, गावचा सण यांपैकी कशाचाही रकाना नसेल, तर काम चांगलेही असेल, पण ते एकात्मीकरणाचे आहे.