प्रॉस्टेट कर्करोगातील संप्रेरक चिकित्सा : समावेशाचा निर्णय

प्रॉस्टेट ग्रंथीतील कर्करोगपेशींची वाढ बहुतांशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसली जाते. ते संप्रेरक घटवणाऱ्या किंवा त्याची पेशींवरील क्रिया अडवणाऱ्या उपचारांना संप्रेरक चिकित्सा म्हणतात. तिने गाठ आक्रसते, रक्तातील पीएसए (प्रॉस्टेटमध्ये बनणारे व रोगाचा माग दाखवणारे प्रथिन) उतरते. परंतु एकट्या तिने रोग समूळ नाहीसा होत नाही. त्यामुळे रोग ग्रंथीपुरता किंवा तिच्या आसपास असताना ही चिकित्सा मुख्य उपचाराच्या (किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया) जोडीला द्यावी का, आणि द्यायची तर किती महिने, हे ठरवावे लागते. रोग हाडांपर्यंत पसरला असेल, तर ती उपचाराचा पाया ठरते. तेथे सोबत आणखी कोणती औषधे द्यावीत एवढेच पाहायचे असते.

उगम : चिकित्सेची सुरुवात साधारणपणे १९४१ पासून धरतात. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी वृषणे काढल्यास किंवा इस्ट्रोजेन दिल्यास पसरलेल्या प्रॉस्टेट कर्करोगातील ॲसिड फॉस्फटेज या रोगदर्शक विकराची (एन्झाइमची) रक्तातील पातळी उतरते, असे दाखवले. उगम याहून मागे नेण्याकडेही काही लेखकांचा कल आहे. वृषणे काढलेल्या प्राण्यांत प्रॉस्टेट लहान राहते, हे जॉन हंटर यांनी अठराव्या शतकात नोंदवले होते. १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक जे. विल्यम व्हाइट यांनी लघवी अडणाऱ्या रुग्णांसाठी वृषणे काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. मात्र व्हाइट यांचा रोख ग्रंथीच्या साध्या वाढीवर होता. कर्करोगाचे संप्रेरकाशी असलेले नाते मोजमापाने सिद्ध झाले ते १९४१ मध्येच, म्हणून तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील दोन दशके गोळीच्या रूपातील इस्ट्रोजेन सर्रास वापरले गेले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या चाचण्यांत, रोज ५ मिग्रॅ. मात्रा घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले. कर्करोग आटोक्यात आला तरी रुग्ण अन्य कारणाने दगावू शकतो, ही त्या वेळी मिळालेली जाणीव आजच्या निर्णयातही महत्त्वाची आहे.

क्रिया : मेंदूतील अधोथॅलॅमसातून स्रवणाऱ्या एलएचआरएच या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कामासाठी अँड्र्यू शॅली व रॉजर गिमें हे १९७७ च्या नोबेलचे सहमानकरी ठरले. गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड ही त्याची कृत्रिम रूपे. गोसेरेलिनची बारीक कांडी पोटाच्या कातडीखाली सुईने बसवतात, ३.६ मिग्रॅ.ची कांडी चार आठवडे, तर १०.८ मिग्रॅ.ची सुमारे तीन महिने पुरते. वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा संदेश देणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युइटरी) ग्रंथीला ही औषधे आधी चेतवतात आणि सततच्या चेतनेने मग थकवतात. म्हणून पहिले आठवडाभर टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. मणक्यात गाठ असल्यास एवढ्या काळातही मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. तो टाळण्यासाठी सुरुवातीला बायकॅल्युटामाइडसारखी रोधक गोळी देतात. डेगारेलिक्सचे इंजेक्शन व रेलुगोलिक्सची गोळी यांत ही उसळी येत नाही. टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमखाली उतरले, की परिणाम साधला असे मानण्याची रूढ रीत आहे.

किरणोपचारासोबत : पुरावा सर्वांत भक्कम आहे तो येथे. बोला व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युरोपीय चाचणीत बहुतांश रुग्णांचा रोग स्थानिकरीत्या पुढे गेलेला होता. किरणोपचाराला तीन वर्षे गोसेरेलिनची जोड दिलेल्यांपैकी ७९ टक्के, तर केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. २००९ च्या चाचणीत सहा महिन्यांपेक्षा तीन वर्षे सरस ठरली. पीएसए, गाठीचा विस्तार व पेशींचे रूप यांवरून रुग्णांचे कमी, मध्यम व उच्च जोखमीचे गट पाडतात. वरील निष्कर्षांमुळे उच्च जोखमीच्या गटात दीड ते तीन वर्षे चिकित्सा देण्याचा प्रघात आहे. कमी जोखमीच्या गटात ती देऊ नये, यावर जवळपास एकमत आहे.

वाद आहे तो मध्यम जोखमीविषयी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत चार महिन्यांच्या चिकित्सेने दहा वर्षांचे जीवितप्रमाण ५७ वरून ६२ टक्क्यांवर गेले, आणि हा लाभ मुख्यतः मध्यम गटाला झाला. परंतु तेथील किरणमात्रा आजच्या मानाने कमी होती. वाढीव मात्रेसह घेतलेल्या पुढील चाचणीत सहा महिन्यांच्या चिकित्सेने रोगाचा प्रसार घटला, पण एकूण जीवितप्रमाणातील फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. यास्तव मध्यम गटाचे अनुकूल व प्रतिकूल असे दोन भाग करून, प्रतिकूल भागालाच चार ते सहा महिने चिकित्सा देण्याचे मत अधिक पटण्याजोगे आहे.

शस्त्रक्रियेसोबत : आधी चिकित्सा दिल्यास कापलेल्या कडेवर कर्करोगपेशी सापडण्याचे प्रमाण घटते, आयुर्मान वाढल्याचे मात्र दिसलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा चढून किरणोपचार द्यावा लागल्यास दोन वर्षे बायकॅल्युटामाइड दिल्याने बारा वर्षांचे जीवितप्रमाण ७१ वरून ७६ टक्के झाले. पण पीएसए दर मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असलेल्यांना तो लाभ मिळाला नाही. त्यांच्यात अन्य कारणांनी होणारे मृत्यू वाढल्याचे नंतरच्या विश्लेषणात आढळले.

सहव्याधी : जोखीमगटाइतकेच रुग्णाच्या इतर आजारांनाही वजन द्यायला हवे, जोखीमगटांच्या तक्त्यावर बोट ठेवून निर्णय घेताना हेच राहून जाते. दामिको व सहकाऱ्यांच्या २०६ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांच्या चिकित्सेचा लाभ सहव्याधी नसलेल्या किंवा नाममात्र असलेल्यांनाच झाला. हृदयविकार, मधुमेह किंवा ठिसूळ हाडे असल्यास चिकित्सेपूर्वी हृदयतपासणी, रक्तशर्करा व हाडांची घनता पाहावी. अंगातून अचानक गरम वाफा येणे, कामेच्छा मावळणे, स्नायू झिजून पोटाभोवती चरबी साठणे व मन खिन्न राहणे हे परिणाम वारंवार दिसतात. ते रुग्णाला व त्याच्या जोडीदाराला आधीच स्पष्ट सांगावेत.

औषध थांबले तरी टेस्टोस्टेरॉन लगेच पूर्ववत होत नाही. त्याला कित्येक महिने लागतात. वय जास्त असेल किंवा चिकित्सा दीर्घकाळ चालली असेल, तर ते कधीकधी पूर्वपदावर येतच नाही. कागदावरचे सहा महिने रुग्णाला प्रत्यक्षात वर्षभर भोगावे लागू शकतात, आणि मुदत ठरवताना हा काळही धरावा लागतो.