जाळी आणि ब्रीझ-सोलेय: पश्चिमेच्या उन्हापुढे काय लावायचं?

अहमदाबादेत साबरमतीच्या पूर्वेला सिदी सय्यद मशिदीची 1573 ची दगडी जाळी आहे आणि पश्चिमेला, आश्रम रोडवर, फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने बांधलेली मिल ओनर्स असोसिएशनची 1954 ची इमारत. तिच्या दर्शनी काँक्रीटच्या पट्ट्यांना, म्हणजे ब्रीझ-सोलेयला, बरेच जण ‘आधुनिक जाळी’ म्हणतात. हा गोंधळ नुसता नावाचा असता तर चाललं असतं, पण तो नकाशात उतरला की घर तापतं.

जाळी म्हणजे भोकं ठेवून बांधलेली भिंतच. ती वारा आत घेते, उजेड फोडते, बाहेरची नजर अडवते आणि कधीच बंद होत नाही. ब्रीझ-सोलेय म्हणजे खिडकीपुढे उभा केलेला, सूर्याचा कोन मोजून बेतलेला अडसर. मागची खिडकी वेगळी असते, ती लावून घेता येते. जाळी चारही दिशांना सारखी चालू शकते, ब्रीझ-सोलेय मात्र प्रत्येक दिशेला नव्याने आखावा लागतो. मिल ओनर्समध्ये रस्त्याकडच्या पश्चिमेला पट्ट्या तिरक्या आहेत आणि नदीकडच्या पूर्वेला भिंतीशी काटकोनात, ते यामुळेच.

मुंबईचा हिशेब घ्या. 21 मार्चला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 71 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या 1.2 मीटर उंच खिडकीला 40 सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. पश्चिमेला मे महिन्यात सव्वापाच वाजता तोच सूर्य 25 अंशांपर्यंत उतरलेला असतो. तिथे छज्ज्याने काम भागवायचं तर तो अडीच मीटरच्या आसपास लागेल. म्हणून तिथे उभ्या पट्ट्या लावतात, आणि त्याही तिरक्या. काटकोनात ठेवल्या तर ऊन दोन पट्ट्यांमधून सरळ आत शिरतं. मेमधला मावळतीचा सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे फटींचं तोंड नैर्ऋत्येकडे वळवायचं.

जाळीचं गणित भोकाच्या खोलीत आहे. नऊ इंची भिंतीत साडेचार इंच उंचीचं भोक ठेवलं तर समोरून येणारं 27 अंशांच्या वरचं ऊन थेट आत पोचत नाही. हेच भोक साडेचार इंची भिंतीत ठेवलं तर ही मर्यादा 45 अंशांवर जाते, आणि दोन इंच जाडीच्या सिमेंट जाळीत चार इंची भोक असेल तर 63 वर. हल्ली सर्रास लावतात त्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या) कापाच्या 3 मिलिमीटर पत्र्याला तर खोलीच नाही. नक्षी कितीही सुंदर असो, प्रत्येक भोकातून ऊन येतंच, वर पत्रा तापून खिडकीकडे धग टाकतो. पश्चिमेला असा पत्रा लावणं ही मला या सगळ्यातली सर्वात महागडी चूक वाटते.

पावसात जाळी हरते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये विटांच्या जाळ्या मुक्तहस्ते वापरल्या. केरळातल्या पावसात उघडी जाळी ठेवायची तर वर पुढे आलेली वळचण लागतेच. कोकणात वळचणीशिवाय जाळी केली तर पावसाची झड थेट खोलीत येते. वळचण असली तरी भोकांच्या तळाला बाहेरच्या बाजूने उतार हवाच, नाहीतर पाणी विटेत मुरतं.

ब्रीझ-सोलेयची दुखणी वेगळी. काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता सोडतं. पट्टी स्लॅबमधूनच सलग बाहेर काढली असेल तर ती उष्णता आतही जाते. म्हणून पट्ट्या भिंतीपासून सुटवून, मोजक्या ठिकाणीच जोडायच्या. आडव्या फळीमागे 10-15 सेंटिमीटर फट ठेवली की गरम हवा वर निघून जाते. फळीच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच विसरली तर दोन पावसाळ्यांत काळे ओघळ दिसतात. आणि सळई! किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत 45 मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) लागतं, तेही दोन्ही बाजूंनी, म्हणजे 75 मिलिमीटरची नाजूक पट्टी तिथे बसतच नाही. तरी ओतली तर सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे ढलपे रस्त्यावर पडतात. कबुतरांचा त्रास दोन्हींकडे आहे, पण चौकोनी खणांच्या ब्रीझ-सोलेयमध्ये जास्त.

मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 च्या कांचनजंगा या उंच निवासी इमारतीत दोन्ही टाळलं. समुद्राचा वारा पश्चिमेचा, आणि दुपारचं ऊन नि पाऊसही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलला आणि कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागा ठेवून खोल्या आत सरकवल्या. पश्चिमेला तेवढी जागा सोडता येत असेल तर आधी व्हरांड्याचा विचार करा, नसेल तर तिरक्या पट्ट्यांचा. जाळी जिना, पॅसेज, न्हाणीघर अशा कायम हवा खेळती हवी तिथे ठेवा.