हातातील गेमिंग उपकरणे : टचस्क्रीन आणि टिकाऊपणा

हातात धरून खेळायच्या उपकरणांत टचस्क्रीन १९९७ मध्येच टायगर कंपनीच्या ‘गेम.कॉम’मध्ये आली होती. रुळली मात्र २००४ च्या निन्टेन्डो डीएसमुळे. दोन्हींतील पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारा. त्यात विद्युतवाहक लेप दिलेले दोन थर असतात, मध्ये अगदी बारीक फट असते आणि वरचा थर लवचीक असतो. स्टायलस (पडद्यावर टेकवायची लेखणी) टेकवली की दोन्ही लेप एकमेकांना चिकटतात व तिथल्या व्होल्टेजवरून स्पर्शाची जागा कळते. डीएसमध्ये चित्र काढण्याइतका नेमकेपणा यातून मिळे. पण वरचा थर मऊ असल्याने चरे लवकर पडत, आणि लेप झिजला की स्पर्श भलतीकडेच नोंदला जाई.

२०११ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन व्हिटाने कपॅसिटिव्ह पडदा वापरला. तो बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल टिपतो. त्याला दाब लागत नाही आणि एकाच वेळी अनेक बोटे ओळखता येतात.

खरा पेच पृष्ठभागाचा आहे. प्लास्टिकवर ओरखडे उठतात, पण ते फुटत नाही; काच स्वच्छ दिसते, तिच्यावर सहज चरे पडत नाहीत, मात्र पडली की तडकते. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचवर प्लास्टिक होते. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या यंत्रासाठी ही निवड शहाणपणाचीच होती. २०२१ च्या ओलेड (स्वतः प्रकाश देणाऱ्या पडद्याच्या) आवृत्तीत काच आली, तीही तुकडे उडू नयेत म्हणून फिल्म चिकटवून. ही फिल्म काढायची नसते. काचेला किल्लीपेक्षा वाळूचा धोका अधिक, कारण वाळूतील क्वार्ट्‌झ काचेहून कठीण असते.

असे असले तरी बरीच यंत्रे पडदा शाबूत असतानाच निकामी होतात. अॅनालॉग स्टिकमध्ये, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीत, कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ सतत घासते. पट्टी झिजली की हात न लावताही पात्र सरकू लागते. यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. हॉल-इफेक्ट स्टिक चुंबकाने स्थिती मोजते, त्यामुळे तिच्या सेन्सरमध्ये घर्षणच नसते. टीव्हीला जोडायच्या १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ही पद्धत होती. पुढे ती इतकी मागे पडावी, हे खेदाचे आहे. घडीच्या यंत्रांत बिजागरी आणि तिच्यातून जाणारी केबल कमजोर ठरते, तर फुगलेली बॅटरी पडद्याला आतून रेटते.

दुरुस्तीची सोय हाही टिकाऊपणाचाच भाग मानायला हवा. २०२२ च्या स्टीम डेकचे सुटे भाग आयफिक्सिट या दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या कंपनीमार्फत अधिकृतपणे विकले जाऊ लागले. त्यातील स्टिक स्क्रू काढून बदलता येते. पडदा मात्र गोंदाने चिकटवलेला असल्याने ऊब देऊन सोडवावा लागतो.