क्वार्टरबॅकची जडणघडण : प्रशिक्षक आणि आक्रमणाची पद्धत

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. जवळजवळ प्रत्येक डावात (म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून तो थांबेपर्यंतच्या एका चालीत) चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो पुढे फेकायचा, शेजारून धावणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे तोच ठरवताना दिसतो. प्रत्यक्षात नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) बहुतेक डाव त्याने निवडलेले नसतात. कोण कुठे उभा राहणार, कोण कुठल्या दिशेने धावणार आणि चेंडू फेकणाऱ्याने आधी कोणाकडे पाहायचे, हे मैदानाच्या कडेला मोठा छापील कागद घेऊन उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. म्हणून महाविद्यालयातून नुकत्याच आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकच्या यशापयशात त्याचा वाटा किती आणि प्रशिक्षकाचा किती, हा या खेळातला न संपणारा वाद आहे.

क्रिकेटमध्ये फलंदाज खेळपट्टीवर गेला की प्रशिक्षक मागे राहतो. इथे १९९४ पासून प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्येच येतो. ज्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो त्याच्या मागे हिरवा ठिपका असतो. एक डाव संपला की पुढचा सुरू करायला साधारणपणे ४० सेकंद मिळतात आणि घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. मधल्या वेळेत क्वार्टरबॅकने डावाचे लांबलचक नाव ऐकायचे, घोळक्यात उभ्या दहा सहकाऱ्यांना ते न चुकता म्हणून दाखवायचे, दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेवर जायचे, समोरचा बचाव कसा उभा आहे हे वाचायचे आणि गरज पडल्यास डाव बदलायचा. चेंडू हातात आल्यावर त्याच्याकडे जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात पहिला पर्याय मोकळा नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा, आणि समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असतात. नवशिक्याच्या बहुतेक चुका हाताच्या नसतात, या सेकंदांच्या हिशेबातल्या असतात.

‘स्कीम’ म्हणजे या सगळ्यामागची आक्रमणाची पद्धत. ती एक भाषाच असते, आणि ही उपमा इथे शब्दशः खरी आहे. एअर कोरयेल घराण्यात रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) धावण्याच्या मार्गांना आकडे असतात. ९ म्हणजे सरळ खोलवर पळत सुटणे. प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या वेस्ट कोस्ट घराण्यात मार्गांना नावे असतात, आणि पास आखूड, पण क्वार्टरबॅकच्या मागे जाणाऱ्या पावलांशी मोजून बांधलेला असतो. अर्हार्ट-पर्किन्स घराण्यात एकाच शब्दात एका बाजूच्या सगळ्या रिसीव्हरांचे काम सांगून होते. महाविद्यालयांमध्ये पसरलेल्या एअर रेड पद्धतीत तर मोजकेच डाव असतात आणि तेच घोटून घोटून पक्के केले जातात. क्वार्टरबॅक तिथे पाचेक यार्ड मागे उभा राहतो आणि नजर पूर्ण वेळ मैदानावर ठेवतो. व्यावसायिक संघात त्यालाच चेंडू देणाऱ्या सेंटरच्या पाठीमागे चिकटून उभे राहायला, चेंडू घेऊन पाच-सात पावले मागे जायला आणि कधी कधी बचावाकडे पाठ फिरवायला सांगितले की त्याची पावले आणि डोळे दोन्ही चुकू लागतात.

दरवर्षी भाषा बदलली तर काय होते, याचे उदाहरण म्हणून ॲलेक्स स्मिथचे नाव घेतले जाते. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला ड्राफ्टमध्ये (महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर १ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारा) आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). मग आक्रमणाचे कोऑर्डिनेटर, म्हणजे डाव आखणारे प्रशिक्षक, बदलत गेले : मॅकार्थी, टर्नर, हॉस्लर, मार्ट्झ, रे, जॉन्सन. खांद्याच्या दुखापतीही मधे आल्या. २०११ मध्ये जिम हार्बॉ मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी त्याला जोखमीचे पास कमी दिले, आणि १७ टचडाउन, ५ इंटरसेप्शन अशा कामगिरीसह संघाने १६ पैकी १३ सामने जिंकले. सहा वर्षे ‘वाया गेलेला’ मानलेला खेळाडू तोच होता.

यापेक्षाही बोलके प्रकरण रॅम्स संघाचे आहे. २०१५ मध्ये मुख्य प्रशिक्षक जेफ फिशर यांच्या हाताखाली निक फोल्सने ७ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन दिले आणि त्याची जागा गेली. २०१६ मध्ये संघ सेंट लुइसहून लॉस एंजेलिसला आला. आधी केस कीनम खेळला, मग नोव्हेंबरात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जॅरेड गॉफ. गॉफ सुरुवातीपासून सात सामने खेळला आणि सातही हरला. ५ टचडाउन, ७ इंटरसेप्शन, आणि २६ वेळा चेंडूसकट जमिनीवर. त्यातल्या पहिल्या चार सामन्यांनंतर फिशर यांची हकालपट्टी झाली होती. त्या हंगामात रॅम्सने २२४ गुण केले, लीगमध्ये सर्वांत कमी.

पुढच्याच हंगामात, २१ जानेवारी २०१८ रोजी, लीगच्या दोन विभागांपैकी एनएफसी विभागाच्या अंतिम सामन्यात एका बाजूला मिनेसोटाचा क्वार्टरबॅक कीनम होता आणि दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचा फोल्स. फिशर यांच्याकडे टाकाऊ ठरलेले दोघे सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर समोरासमोर उभे होते. फोल्सचा संघ ३८-७ ने जिंकला, दोन आठवड्यांनी सुपर बोलही जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान फोल्सला मिळाला. मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ डिसेंबरात जखमी झाल्यावर प्रशिक्षक डग पीडरसन यांनी फोल्सच्या अंगवळणी असलेले डाव प्लेबुकात (संघाच्या डावांच्या संग्रहात) वाढवले होते : चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की लगेच फेकायचा, हे एकाच बचावपटूकडे पाहून ठरवायचे. याच धर्तीच्या डावांवर फोल्सने २०१३ मध्ये फिलाडेल्फियातच २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन दिले होते.

गॉफ रॅम्समध्येच राहिला, आणि तिथे ३० वर्षांचे शॉन मॅकव्हे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. गॉफपेक्षा ते नऊच वर्षांनी मोठे. त्यांच्या पद्धतीचा गाभा साधा आहे. धावण्याचा डाव आणि पासचा डाव सुरुवातीला अगदी सारखे दिसले पाहिजेत. गॉफ चेंडू धावणाऱ्या टॉड गर्लीच्या पोटाशी नेई आणि ऐन वेळी काढून घेई. समोरचे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले गडी) गर्लीला अडवायला दोन पावले पुढे येत, आणि त्यांच्या पाठीमागे जी मोकळी जागा पडे तिथे रिसीव्हर आडवा धावत येई. क्वार्टरबॅकला सगळे मैदान वाचावे लागत नसे. शिवाय मॅकव्हे संघाला लवकर रेषेवर उभे करत. त्यामुळे रेडिओ बंद होण्यापूर्वी समोरचा बचाव त्यांनाही दिसे आणि त्यांना गॉफच्या कानात शेवटची सूचना देता येई. २०१७ मध्ये गॉफने २८ टचडाउन, ७ इंटरसेप्शन दिले. रॅम्सचे गुण २२४ वरून ४७८ वर गेले, लीगमध्ये सर्वाधिक.

हे सगळे श्रेय मॅकव्हेंच्या कागदाला देण्याचा मोह होतो आणि अमेरिकी क्रीडापत्रकारांनी तो फारसा आवरला नाही. पण त्याच उन्हाळ्यात गॉफची पाठराखण करायला अँड्र्यू व्हिटवर्थसारखा मुरलेला लाइनमन (क्वार्टरबॅकपुढे उभा राहून अंगावर येणाऱ्यांना अडवणारा) आला होता, आणि रॉबर्ट वुड्स व कूपर कप हे रिसीव्हरही. क्वार्टरबॅकपुढची भिंतच ढासळत असेल तर पद्धत कुठलीही असो, ती कामाला येत नाही. ह्यूस्टन टेक्सन्सच्या पहिल्याच हंगामात, २००२ मध्ये, नवख्या डेव्हिड कारला ७६ वेळा पाडले गेले. हा एका हंगामातला उच्चांक आहे. पाडापाडीची धास्ती बसली की क्वार्टरबॅक मोकळा रिसीव्हर न पाहता अंगावर येणाऱ्यांकडेच पाहू लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा सॅम डार्नोल्ड न्यू इंग्लंडविरुद्ध चार इंटरसेप्शन देऊन बाकावर बसला असताना ‘मला भुते दिसताहेत’ असे म्हणाला आणि अंगावर लावलेल्या मायक्रोफोनमुळे ते देशभर ऐकू गेले. त्याच डार्नोल्डने २०२४ मध्ये प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल यांच्या मिनेसोटासाठी ३५ टचडाउन दिले आणि १७ पैकी १४ सामने जिंकले.

पद्धत खेळाडूवर लादायची की खेळाडूभोवती बांधायची, यात प्रशिक्षकांचे दोन तट आहेत. बाल्टिमोरने क्वार्टरबॅक लमार जॅक्सनसाठी दुसरा मार्ग धरला. त्याने रिसीव्हर व्हावे असे सुचवणारे जाणकार कमी नव्हते. कोऑर्डिनेटर ग्रेग रोमन यांनी त्याच्या पायांनाच आक्रमणाचा कणा केले. २०१९ मध्ये संघाने धावून ३,२९६ यार्ड काढले, जॅक्सनने ३६ टचडाउन पासही दिले आणि तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. या मार्गाचा धोका वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनमध्ये दिसला होता. माइक आणि काइल शानाहान या प्रशिक्षक पितापुत्रांनी २०१२ मध्ये त्याच्यासाठी धावते आक्रमण रचले. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला, आणि जानेवारी २०१३ मध्ये गुडघा फाटला. नंतर तो पूर्वीसारखा कधी खेळला नाही.

नवख्याला वर्षभर बसवून शिकवण्याची चाल आता मागे पडते आहे. २०११ मध्ये संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारानंतर नवोदितांचे पगार मर्यादित झाले. स्वस्तातला चांगला क्वार्टरबॅक चार-पाच वर्षेच मिळतो, तेव्हा त्याला बाकावर ठेवणे मालकांना परवडत नाही. त्याच करारामुळे सरावाचे दिवसही कमी झाले. कॅन्सस सिटीने मात्र नवख्या पॅट्रिक महोम्सला २०१७ मध्ये एकच सामना सुरुवातीपासून खेळू दिला. बाकीचे वर्ष तो बसून पाहत होता. मैदानावर होता ॲलेक्स स्मिथ, प्रशिक्षक अँडी रीड यांच्या हाताखाली त्या हंगामात लीगमधले सर्वाधिक पासर रेटिंग (पास देण्याच्या कामगिरीचे गुणांकन) मिळवणारा. २०१८ मध्ये महोम्सने ५० टचडाउन दिले.

गॉफची गोष्ट लॉस एंजेलिसमध्ये संपली नाही. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडने रॅम्सला ३ गुणांवर रोखले, आणि मग ‘प्रशिक्षकाच्या कुबड्यांवरचा क्वार्टरबॅक’ ही टीका त्याला चिकटली. २०२१ मध्ये मॅकव्हेंनी त्याला डेट्रॉइटला देऊन तिथला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला घेतले, आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. डेट्रॉइटमध्ये बेन जॉन्सन हे कोऑर्डिनेटर झाले. त्यांनी आक्रमण आखताना गॉफला कोणते डाव आवडतात आणि कोणते नकोत, हे विचारून घेतले. १४ जानेवारी २०२४ रोजी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) डेट्रॉइटची गाठ रॅम्सशीच पडली. गॉफने २७ पैकी २२ पास अचूक दिले. २४-२३ अशी एका गुणाची आघाडी असताना त्याने अमोन-रा सेंट ब्राउनला ११ यार्डांचा पास दिला आणि उरलेले घड्याळ संपवले. डेट्रॉइटचा प्लेऑफमधला ३२ वर्षांतला तो पहिला विजय होता. समोरच्या कडेला मॅकव्हे उभे होते, आणि स्टेडियम गॉफच्या नावाचा गजर करत होते.