पेट्रोल जास्त झालं, की पोचलंच नाही? गरम गाडी सुरू होत नाही तेव्हा

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होणारी जुनी पद्मिनी (म्हणजे फियाट) किंवा कार्बोरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली, मारुती 800 लांबचा पल्ला मारून जेवायला थांबते. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरत राहतं, पेटत नाही. तासाभराने मात्र ती बिनतक्रार सुरू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत काही सापडावं असं उरलेलं नसतं, मग अंदाजाने प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते आणि पुढच्या उन्हाळी प्रवासात दुखणं पुन्हा उभं राहतं.

(सेल्फच जड फिरत असेल किंवा नुसता टक्-टक् आवाज येत असेल, तर तो बॅटरीचे टर्मिनल, अर्थ वायर आणि स्टार्टर यांचा प्रश्न आहे. इथे बोलतोय ते सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, त्याबद्दल.)

या एकाच लक्षणामागे दोन अगदी उलट गोष्टी असू शकतात. एकीत इंजिनात प्रमाणाबाहेर पेट्रोल गेलेलं असतं, म्हणजे गाडी ‘ओव्हर’ झालेली असते. दुसरीत पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलेलंच नसतं, तो वेपर लॉक. गाडी थंड झाली की दोन्ही आपोआप बऱ्या होतात, म्हणून ‘थांबलो आणि सुरू झाली’ यावरून काहीच कळत नाही.

दोन्हींचं मूळ मात्र एकच. चालत्या गाडीत पाणी फिरत असतं, पंख्याचा वारा लागत असतो आणि टाकीतून थंड पेट्रोल येत राहतं. चावी बंद केली की हे तिन्ही थांबतं. ब्लॉकमधली आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, आणि बॉनेटखाली सगळ्यात जास्त ताप इंजिन बंद झाल्यानंतरच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत असतो. पेट्रोल अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 35–40 अंश सेल्सिअसपासूनच उकळू लागतात, जड घटक 200 अंशांच्या आसपास. आता प्रश्न एवढाच, की ते उकळलं कुठे.

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात) उकळलं, तर बुडबुडे पेट्रोलला वर ढकलतात आणि ते जेटच्या बारीक छिद्रांतून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, सांडतं. चेंबर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी नीडल झिजलेली असेल तर तापलेल्या लाइनमधला दाब आणखी पेट्रोल आत ढकलतो. बॉनेट उघडताच कच्च्या पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले निघतात आणि गाडी सुरू झालीच तर मागून काळा धूर सुटतो.

वेपर लॉकमध्ये पेट्रोल उकळतं पंपात किंवा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या लाइनमध्ये. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या ब्लॉकवरच बसवलेला, आणि टाकी पार मागे. पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे त्या लाइनमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो, आणि दाब कमी म्हणजे उकळणं लवकर. पंपाचा डायफ्राम (वरखाली होणारा लवचिक पडदा) मग द्रव पुढे ढकलण्याऐवजी वाफच दाबत-सोडत बसतो. घाटात हा त्रास वाढतो, कारण इंजिनावर भार जास्त, वेग कमी आणि वर हवेचा दाबही कमी. महाबळेश्वरला पाणी सुमारे 95 अंशांना उकळतं, पेट्रोलही त्याच कारणाने लवकर उकळतं. खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकणारे फियाटवाले योग्य तेच करत होते.

आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल यात भर घालतं. इथेनॉल एकटं 78 अंशांना उकळतं, पेट्रोलमधला हेक्झेन 69 ला, पण दोघांचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण सुमारे 59 लाच. वीस वर्षांपूर्वी न कुरकुरणारी गाडी आज उन्हाळ्यात अडत असेल, तर दोष तिच्या म्हातारपणाचाच असेल असं नाही.

आता ओळखायचं कसं? माझं ठाम मत आहे की तपासणी गाडी अडलेली असतानाच करावी, नंतर पुरावा उरत नाही. आधी वास घ्या. मग चावी बंद ठेवून एअर क्लीनरचं झाकण काढा, बाजूने कार्बोरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटलचा लिव्हर (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हलतो तो) हाताने एकदाच दाबा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. धार नाही आणि वासही नाही, तर वेपर लॉककडे बोट जातं. जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हे आधी बघा. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका, चांगल्या चालत्या गाडीतही तो पुष्कळदा तसाच दिसतो.

ओव्हर झालेल्या गाडीला चोक अजिबात न ओढता अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. भरपूर हवा शिरते आणि साठलेलं पेट्रोल निघून जातं. पाय वरखाली करायचा नाही, प्रत्येक दाबाला कार्बोरेटर आणखी एक पिचकारी सोडतो. वेपर लॉकमध्ये पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं ठेवायचं. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. दोन्ही वेळी सेल्फ दहा सेकंदांहून जास्त ओढू नका, मधे मिनिटभर थांबा.

सगळ्यात फसवी स्थिती म्हणजे दोन्ही एकत्र. चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि चेंबर कोरडा पडतो. मग वास पेट्रोलचा, पण लिव्हर दाबला तर धार नाही. अशी गाडी पाय दाबून धरल्यावर सुरू होते, काळा धूर सोडते आणि काही क्षणांत पुन्हा बंद पडते, कारण पुढचं पेट्रोल येतच नाही. आधी पूर्ण थ्रॉटल आणि मग ओलं फडकं, याच क्रमाने जावं लागतं.

कायमचे उपायही वेगवेगळे आहेत. ओव्हर होण्यावर फ्लोटची पातळी, नीडल आणि कार्बोरेटरखालचं जाड बेकेलाइटचं पॅकिंग बघा. कामात ते काढून साधं कागदी पॅकिंग टाकलेलं असेल, तर उष्णता थेट वर चढते. वेपर लॉकसाठी लाइन सायलेन्सरपासून दूर घ्या, पंपाचा डायफ्राम तपासा आणि टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो का ते ऐका. झाकणाचं छिद्र बुजलं असेल तर पंपाला आणखी जोर लावून ओढावं लागतं आणि वाफ लवकर होते.

चेंबरमध्ये पेट्रोल आहे, प्लग ओले नाहीत, तरीही पेटत नाही? तेव्हाच कॉइल आणि कंडेन्सरकडे वळा. तापल्यावर दगा देणारी कॉइल बहुधा चालत्या गाडीतही मिसफायर करते किंवा गाडी बंद पाडते, आणि अडलेली असतानाच प्लगवर ठिणगी येते का ते पाहिलं की उलगडा होतो. मात्र ही ठिणगीची परीक्षा पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात करू नका.