नानावटी खटला: ठिपके, चाप आणि टॉवेल

‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३), ‘अचानक’ (१९७३), ‘रुस्तम’ (२०१६), शिवाय मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक. नानावटी प्रकरणातल्या प्रेमाच्या त्रिकोणावर इतके काही उभे राहिले. मला मात्र त्या खटल्यातला पुराव्यांचा भागच जास्त खिळवून ठेवतो.

मुंबई, २७ एप्रिल १९५९. पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले. मग जहाजावरून .३८ चे रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेऊन ते त्या परपुरुषाच्या, म्हणजे प्रेम आहुजाच्या घरी गेले. तीन गोळ्या सुटल्या, आहुजा मेला. झटापटीत रिव्हॉल्व्हर चुकून उडाले, असा नानावटींचा बचाव होता.

आहुजाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर काळे ठिपके सापडले. गोळीबरोबर नळीतून काजळी आणि बंदुकीच्या अर्धवट जळलेल्या दारूचे कण बाहेर पडतात. काजळी पुसली जाते. कण मात्र कातडीत रुततात, धुऊनही जात नाहीत. रिव्हॉल्व्हरचे असे कण साधारण दोन फुटांपलीकडे सहसा पोचत नाहीत. म्हणजे हात नळीजवळ होता, हे नक्की. बचाव पक्षाच्या पथ्यावर पडणारेच की हे! पण जीव वाचवायला हात आडवा धरला, तरी असेच ठिपके उमटतात. त्यांवरून अंतर सांगता येते; हात पुढे का आला, ते नाही.

चापाचे तसे नाही. या रिव्हॉल्व्हरचा चाप (ट्रिगर) प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो. तो ओढला की घोडा (हॅमर) मागे जातो, काडतुसांचे चक्र फिरते, पुढचे काडतूस नळीसमोर येते आणि घोडा आपटतो. अशा शस्त्राला सहसा चार-पाच किलोचा जोर लागतो. ओढाताणीत हे एकदा घडेलही, पण लागोपाठ तीनदा? त्यात आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, अंगावर फक्त टॉवेल. एवढ्या झोंबाझोंबीत टॉवेल सुटायला हवा होता, सुटला नव्हता.

हे सगळे ज्युरीसमोर, म्हणजे निकाल द्यायला नेमलेल्या नागरिकांसमोर आले होतेच. तरी ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि पुढे नानावटी कुटुंब कॅनडाला गेले.